वळीव की अवकाळी?

प्रश्न असा आहे: एप्रिलच्या शेवटी दुपारी गारांसकट पाऊस आला. आजी म्हणाली ‘वळीव’, बातमीत मात्र ‘अवकाळी’. बरोबर कोण?

माझं मत आजीच्या बाजूने. ‘अवकाळी’ म्हणजे आपला काळ सोडून आलेला, आणि वळीव तर आपल्या वेळेलाच येतो. मार्चपासून देश तापत जातो, पुण्यात एप्रिलमध्ये पारा ३८ अंशांच्या आसपास असतो. त्यात अरबी समुद्रावरचं दमट वारं मिसळलं की दुपारी ढगांचे मनोरे चढतात. चारच्या सुमारास धुळीची वावटळ, दोरीवरचे कपडे गोळा करायची धांदल, एक कडकडाट, मग पावलीएवढे थेंब. तासाभरात परत ऊन. स्वारगेटला गुडघाभर पाणी आणि कोथरूडला रस्ते कोरडे, हेही ठरलेलंच. बंगालात याच दिवसांतल्या वादळी पावसाला ‘कालबैशाखी’ म्हणतात. नावातच महिना आहे.

खरा अवकाळी जानेवारी-फेब्रुवारीतला, गहू-हरभरा काढणीला आलेला असताना कोसळणारा.

तरी बातमीदाराला अगदीच चूक ठरवता येत नाही. कांदा उघड्यावर पडलाय, आंबा झाडावर आहे, अशा शेतकऱ्याला तो एप्रिलमध्येही अवकाळीच. पंचनाम्यातही ‘अवकाळी पाऊस व गारपीट’ असंच लिहितात. म्हणजे हा शब्द आता महिन्यापेक्षा नुकसानीवरून ठरतो. माझी कुरकुर एवढीच, की ज्या सरीने फक्त मातीचा वास आला तिलाही मथळ्यात ‘अवकाळीचा तडाखा’ कशाला?

नुसतं कॅलेंडरही पुरत नाही म्हणा. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, एरवीची तारीख ११ जून. रोहिणी नक्षत्र नुकतंच लागलेलं, मृग अजून दूर. महिना वळवाचा, पण पाऊस वळीव नव्हे. अशा वेळी तऱ्हा बघायची: दिवसभर भरून आलेलं आभाळ आणि संततधार असेल तर तो मोसमी. ऑक्टोबरमधला गडगडाटी पाऊस पुष्कळसा वळवासारखाच वागतो, पण त्याला ‘परतीचा’ हे चांगलं नाव आहेच.

जाता जाता, ‘वळिवाचा’ की ‘वळवाचा’? ‘गरीब-गरिबाचा’ या चालीने ‘वळिवाचा’ नियमात बसतं. ‘वळवाचा’ही सर्रास चालतं, आणि माझ्या तोंडी तेच येतं.