बडोद्यातल्या आमच्या छोट्या रुग्णसेवा संस्थेला डेटा सायंटिस्ट विनामोबदला मदत करतील का?

करतील, पण 'आमच्या डेटाचं काहीतरी करा' एवढंच म्हणालात तर कोणी टिकणार नाही. एकच नेमका प्रश्न घेऊन जा, उदाहरणार्थ, पहिल्या तपासणीनंतर कोणते रुग्ण परत येत नाहीत? २०११ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या डेटाकाइंड या संस्थेने स्वयंसेवक डेटा सायंटिस्ट आणि संस्थांची गाठ अशाच प्रश्नांवर घालून दिली. तुम्ही आधी सयाजीराव विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात विचारा, घरचं सोडून लांब कशाला? खरा वेळ खाते ती नोंदींची साफसफाई: एकच शिंदेबाई वहीत गुजरातीत, एक्सेलमध्ये इंग्रजीत दोन स्पेलिंगांनी, म्हणजे झाले तीन रुग्ण! ही जुळवाजुळव मात्र संस्थेतल्याच माणसाने करावी, आणि फाइल बाहेर देताना नावं, फोन, पत्ते काढून त्यांच्या जागी नुसते रुग्ण-क्रमांक ठेवावेत.