उखळातली चटणी आणि आईची बोटं

मागच्या अंकात मी माझ्या आमवाताबद्दल, म्हणजे सांधे सुजून दुखणाऱ्या आजाराबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या, की नऊ वर्षं झाली हे दुखणं आहे आणि मुलगा पुण्यात शेवटच्या वर्षाला आहे, बस एवढंच. त्यावर इतकी पत्रं नि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात दुखण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला पोरगा नाहीतर पोरगी आहेच. फी भरायचीय, परीक्षा चालू आहे, त्याला कळायला नको, तिला टेन्शन नको. आपलं वयच असं आहे, पोरं कॉलेजला जायला लागतात आणि त्याच सुमाराला गुडघे नि बोटं बोलायला लागतात. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे आणि आई आहे, तेवढ्या जोरावरच लिहितेय. चार पत्रं घेते, नावं गाळलीत.

पहिलं पत्र: ताई, माझं वय ४७, सोलापुरात विडी घरकुलला राहते, वीस-बावीस वर्षं विड्या वळते. घरात आम्ही तेलुगू बोलतो, मराठीत चूक झाली तर सांभाळून घ्या. तीन महिने झाले सकाळी उठल्यावर बोटं मिटतच नाहीत, दोन्ही हातांची, मनगटं सुजायल्यात, तास-दीड तास गेला की जरा मोकळं होतंय. आधी दिवसाला हजार विड्या व्हायच्या, आता सहाशेला रडू येतंय. मेडिकलमधून गोळी आणून खाते. पोरगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, दुसरं वर्ष, तिला काही सांगितलं नाही, तिची परीक्षा आहे. सांगू का नको?

सांगा. पण आधी दवाखाना, आणि याच आठवड्यात.

तुमचं पत्र वाचताना मला माझीच एक सकाळ आठवली, दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येईना म्हणून मी ती दातानं फाडली होती. तेव्हा मला एका ठिकाणी 'वयाप्रमाणे होतं, चालायचंच' असं सांगून दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि मी आठ महिने त्यावरच काढले. त्या आठ महिन्यांत उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती झालीच, आता कुठल्याच औषधानं सरळ होत नाहीत. म्हणून हात जोडून सांगते, थांबू नका.

आपण सगळ्यालाच संधिवात म्हणून मोकळे होतो पण त्यात बरेच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. एक झिजेचा, तो बहुतेक गुडघ्यात येतो, बसून उठलं की दुखतं, चार पावलं चाललं की जरा सुटतं. दुसरा आमवात, त्यात आपल्याच शरीराची रोगाशी लढणारी ताकद आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. हा पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो आणि म्हातारपणाची वाट बघत नाही, तिशी-चाळिशीतही धरतो. दोन्ही हातांना सारखंच दुखणं, बोटांचे लहान सांधे आणि मनगटं सुजणं, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त राहणं, या त्याच्या खुणा आहेत आणि तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. तरी पण घरी बसून नाव ठरवू नका, कारण वीस वर्षं विड्या वळून हात दुखणं पण खरंच असतं, आणि मधे कधी जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे दुखत राहतात.

रक्तात आमवातासाठी आरए फॅक्टर नि अँटी सीसीपी, आणि अंगात सूज किती आहे त्यासाठी ईएसआर नि सीआरपी असं बघतात. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाहीच असं नसतं, तेवढा एक कागद बघून कोणी घरी पाठवत असेल तर पुन्हा विचारा. आपल्या मेडिकल कॉलेजच्या सिव्हिलला दाखवता येईल, विडी कामगाराचं कार्ड असेल तर तेही बरोबर असू द्या.

मेडिकलमधून आणलेली गोळी दुखणं दाबते, आत सांधा खराब होत असतो तो ती थांबवत नाही, आणि रोज खाल्ली तर पोट आणि किडनी दोन्हीला त्रास. आमवात निघालाच तर बऱ्याचदा मेथोट्रेक्सेट देतात, ती आमवात आटोक्यात ठेवणारी गोळी. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. बरोबर फॉलिक ॲसिड देतात आणि मधे मधे रक्त तपासून लिव्हर नि पेशी बघतात. फरक पडायला दीड-दोन महिने लागतात तेव्हा पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका, मी पहिल्यांदा तीच चूक करत होते.

विड्या सोडा असं मी लिहिणार नाही, तुमचं घर त्यावर आहे. पण सकाळी आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून बोटं उघडमीट करा, कात्रीच्या मुठीला जाड कापड गुंडाळा, अर्ध्या-पाऊण तासानं विड्यांचं सूप बाजूला ठेवून हात मोकळे करा, आणि विडीचं पान कापायचं काम घरात दुसरं कोणी करू शकत असेल तर तेवढं त्यांना द्या. सूज जास्त आहे त्या दिवशी सहाशे पण नकोत.

आता पोरीचं. परीक्षा संपू दे म्हणता, पण ही संपली की दुसरी येते, मग प्रोजेक्ट, मग प्लेसमेंट, सांगायचा दिवस येतच नाही. पेपर आठवड्यावर असतील तर शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी सांगा, त्यापुढे नको. मी माझ्या मुलाला दीड वर्ष सांगितलं नव्हतं. त्याला शेजारच्या काकूंकडून कळलं. दोन दिवस तो बोललाच नाही आणि मग म्हणाला, आई तू मला परकं केलंस. ते मला बोटांपेक्षा जास्त लागलं.

सांगताना नुसतं 'लई दुखायलंय गं' म्हणून फोन ठेवू नका, ती रात्रभर झोपणार नाही. आजाराचं नाव काय, डॉक्टर काय म्हणाले, आणि तिनं काय करायचं, हे तिन्ही सांगा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण काम दिलं की लेकराला धीर येतो. सगळे रिपोर्ट फोटो काढून तिला पाठवा, तारीखवार ती लावून ठेवेल, तिला ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं. माझा मुलगा दर रविवारी रात्री नऊला फोन करतो आणि हॅलो न म्हणता 'आई, गोळी' एवढंच म्हणतो.

दुसरं पत्र: वय ५७. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहे, बारा तास उभं राहायचं काम. उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो, एक्स-रेत गॅप कमी झालाय म्हणाले. मुलगा इथंच युनिव्हर्सिटीत एमएस्सी करतो, तो म्हणतो ऑपरेशन करून टाका, मी शिक्षण थांबवून नोकरी धरतो. मला त्याचं शिक्षण मोडायचं नाही. काय करावं?

दादा, शिक्षण मोडायचं नाही हे बरोबरच आहे, आणि ऑपरेशनची वेळ आली आहे का हेच अजून तुमच्या पत्रावरून दिसत नाही. गॅप कमी झालाय म्हणजे गुडघा झिजलाय, आणि झिजलेल्या गुडघ्याला पहिला उपाय मांडीचा स्नायू बळकट करणं हा आहे, तो तुम्ही केलाय का ते लिहिलेलं नाही. पाठीवर झोपायचं, एक पाय गुडघ्यात वाकवून ठेवायचा, दुखरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच ते दहा आकडे मोजायचे, हळू खाली. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन नीट शिकून घ्या आणि निदान तीन महिने खाडा न करता करा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं कमी होतो, हे मला कळलं तेव्हा मी रात्रीचा भात सोडला.

काठी वापरायची लाज वाटून घेऊ नका पण ती डाव्या हातात धरा, दुखऱ्या गुडघ्याच्या उलट बाजूला, बहुतेक लोक चुकीच्याच हातात धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं बंद, संडासात कमोडची खुर्ची ठेवा. मागावर उभं राहताना शेजारी एक उंच स्टूल ठेवायला मालकाला विचारा, धागा तुटेपर्यंत टेकता येईल.

हे सगळं करूनही रात्री झोप मोडायला लागली, घरातल्या घरात चालणं अवघड झालं, तर मग गुडघा बदलायचा विचार करायचा आणि तेव्हाही दोन डॉक्टरांचं मत घ्यायचं. २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवतात त्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर मर्यादा घातली आहे, तेव्हा खर्चाचा कागद मागताना इम्प्लांटचे किती आणि बाकी किती हे वेगळं लिहून मागा. बसवलेला गुडघा साधारण पंधरा-वीस वर्षं चालतो म्हणतात, म्हणून घाईनं लवकर बसवण्यातही अर्थ नाही.

मुलाला म्हणा, नोकरी नको, माझ्याबरोबर फिजिओकडे चल. त्यानं एकदा व्यायाम बघितला की घरी तोच तुमच्याकडून करून घेईल.

आणि एक बोलते, राग मानू नका. बापमाणसं दुखणं कोणाला सांगतच नाहीत. आम्ही आमच्या भागातले सात-आठ आई-बाप दर रविवारी सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाला भेटतो, सगळ्यांची पोरं कॉलेजात आणि सगळ्यांचा कुठला ना कुठला सांधा धरलेला. आधी फक्त बायका होतो, मग एकीचे मिस्टर सोडायला आले आणि बसले, आता तिघं येतात. निम्मा वेळ पोरांचं, हॉस्टेल, फी, कोणाचा बॅकलॉग राहिला, निम्मा वेळ गुडघ्यांचं. पण नुसत्या गप्पा नाहीत, कामं पण वाटून घेतलीत. ज्यांचे हात चांगले ते दुसऱ्याच्या भाकरी थापून देतात, ज्यांचे पाय चांगले ते लक्ष्मी मंडईतून सगळ्यांची भाजी आणतात, आणि कोणाची तपासणी असली की एक जण बरोबर जातोच, कारण डॉक्टर बोलतात ते एकट्याला आठवत नाही. तुमच्या कारखान्यात बघा, उभं राहून गुडघे गेलेले तुम्ही एकटे नसणार. चहाच्या सुट्टीत विषय काढा.

तिसरं पत्र: मिस्टरांना एका माणसाची पुडी चालू केलीय, आयुर्वेदिक म्हणतो, पुडीवर काही लिहिलेलं नाही. आठ दिवसांत दुखणं गायब. पण चेहरा सुजल्यासारखा दिसतो. चालू ठेवू का? मुलगी बारावी होऊन आत्ताच कॉलेजला लागली, महिन्याला पुडीचे दीड हजार जड जातात.

नाही ठेवायची. आठ दिवसांत जादू होते आणि चेहरा गोल व्हायला लागतो तेव्हा पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यायलाच पाहिजे. त्यानं शुगर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. पण एकदम बंद पण करू नका, महिनेच्या महिने स्टिरॉइड पोटात गेलं असेल तर शरीराला त्याची सवय होते आणि अचानक तोडलं की माणूस कोसळू शकतो. पुडी हातात घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा, काय खाल्लं ते खरं सांगा, ते कशी कमी करायची सांगतील. शुगर पण तपासून घ्या. त्या माणसाला परत एक रुपया देऊ नका.

चौथं पत्र: मी २० वर्षांची आहे, पुण्यात शिकते, घर सोलापुरात. आई दर महिन्याला ट्रॅव्हल्सनं पार्सल पाठवते, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. आमच्याकडं चटणी कायम उखळात कुटलेली, तेल सुटलेली असते. यावेळी आली ती कोरडी भुकटी होती, मिक्सरमधली. विचारलं तर वेळ नव्हता म्हणाली. मागे दिवाळीत ती पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलत होती आणि मी तेव्हा लक्ष दिलं नाही. फोनवर विचारलं की बरी आहे म्हणते. मी काय करू?

बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सगळ्या आई-बापांच्या पत्रात 'पोरांना कळू द्यायचं नाही' असं होतं आणि इथं एका पोरीला चटणीच्या चवीवरून कळलंय.

मी पण माझं उखळ तीन वर्षांपूर्वी जावेला दिलं. मुसळ धरता येत नाही हे कबूल करायला मला फार दिवस लागले, कारण चटणी कुटणारी आई ही माझी स्वतःची ओळख होती, ती गेली तर उरतं काय असं वाटायचं. तुझी आई खोटं बोलत नाहीये गं, तिला तुझ्यासमोर कमी पडायचं नाहीये. म्हणून रागावू नकोस, आणि मी कॉलेज सोडून येते असं तर अजिबात म्हणू नकोस, ती परत कधीच काही सांगणार नाही.

'बरी आहेस का' विचारलं की उत्तर 'बरी' हेच येणार. त्यापेक्षा असं विचार, आज भाकरी कोणी थापली, ब्लाउजचे हुक लावता येतात का, कुकरचं झाकण कोण लावतं. अशा प्रश्नांना 'बरी' म्हणता येत नाही. आणि एका शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं घरी ये. शनिवारी सकाळी तिच्या आधी ऊठ, तिच्याजवळ बस, उठल्यापासून मूठ पूर्ण मिटेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळात बघून लिहून ठेव, रविवारी सकाळी पुन्हा तसंच. कुठली बोटं, सूज आहे का, दोन्ही हातांना सारखी आहे का, तेही लिही. ओपीडीत हा एक कागद फार उपयोगाला येतो, डॉक्टर हेच विचारतात आणि आया तिथं पण 'थोडं दुखतं' एवढंच सांगतात. पहिल्या पत्राला मी जे लिहिलंय ते तू पण वाच, तुझ्या आईचं तसंच असेल तर दिवस घालवायचे नाहीत.

शनिवारी दुपारी उखळ बाहेर काढ आणि समोर तू बस. आईला शेजारी खुर्चीवर बसव, किती लसूण, किती तिखट, मीठ कधी, जिरं कधी, ते ती सांगेल, कुटायचं तू. पहिल्यांदा हात भरून येतील आणि तेल सुटायला तिच्यापेक्षा दुप्पट वेळ लागेल, तरी मिक्सरला हात लावू नकोस. सोमवारचं एक लेक्चर बुडव, सिव्हिलला लवकर जाऊन केसपेपर काढ, रांग मोठी असते, आणि आईला बसायला एक घडीची खुर्ची बरोबर ने.