हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला का?

प्रश्न : दर १८ ऑगस्टला आम्ही शाळेची मुलं घेऊन विजयदुर्गावर जातो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ मध्ये तिथल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियम शोधला, असं सांगतो. यंदा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, एवढ्या पावसात त्यांना सूर्य दिसला कसा?” काय सांगू?
– एक शिक्षिका, देवगड तालुका

उत्तर : बाई, त्या मुलीची पाठ थोपटा. मीही विज्ञानच शिकवत आलो, आणि असा प्रश्न वर्गात आला की माझा दिवस सोन्याचा व्हायचा. ऑगस्टात आपल्याकडे समुद्र खवळलेला, खाडीला तांबडं पाणी, ऊन पडलं तर पडलं. ग्रहणासाठी सातासमुद्रापलीकडून येणारा माणूस तेव्हा कोकणकिनारा कशाला निवडेल?

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण झालं हे खरं. पण लॉकियर तेव्हा हिंदुस्थानात नव्हतेच. ग्रहण पाहणाऱ्यांपैकी फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, हर्शेल जमखंडीला, पॉग्सन मछलीपट्टणला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फोडून मिळणाऱ्या रंगपट्टीत, त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या, त्यांत एक पिवळी. त्या इतक्या ठळक होत्या की जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, ज्वाळांच्या रेषा पुन्हा पाहिल्या. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडातून स्वतंत्रपणे तेच साधलं.

खरी गोष्ट त्या पिवळ्या रेषेची. गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ भुरभुरा, ज्योत पिवळीधमक होते. तो सोडियमचा रंग. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या; सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीला. सूर्यावरची रेषा ५८७.६ ला. फरक दीड नॅनोमीटरचाही नाही! साहजिकच अनेकांनी ती सोडियमचीच धरली. लॉकियर यांनी तिची जागा बारकाईनं पाहिली, रसायनतज्ज्ञ फ्रँकलंड यांच्याबरोबर प्रयोगशाळेत पडताळा घेतला. ओळखीच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना, तेव्हा सूर्यावर नवं मूलद्रव्य असल्याचं त्यांनी मांडलं. तेच हेलियम. पुष्कळ रसायनतज्ज्ञांना ते पटलं नाही, आणि मला त्यांचंही बरोबरच वाटतं. एका रेषेखेरीज हातात होतं काय? १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्ल घालून निघालेला वायू तपासला, आणि तीच रेषा समोर आली. मधे तब्बल २७ वर्षं गेली होती.

मग आपले ओटे? ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे. त्या वेळी लॉकियर खरोखरच विजयदुर्गाला आले होते. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना त्यांनी हाताशी घेतलं, कुणी काय पाहायचं, काय टिपायचं याच्या तालमी करवल्या, कारण खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्याच दिवशी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. नायगमवाला जेऊरला दुर्बीण लावून बसले होते. आपल्या माणसाचं हे नाव मुलांना जरूर सांगा.

१८ ऑगस्टचा कार्यक्रम बंद करू नका. हेलियमच्या कथेची सुरुवात त्याच ग्रहणानं झाली. फक्त गुंटूर, इंग्लंड आणि विजयदुर्ग ज्याच्या त्याच्या तारखेला ठेवा. जमल्यास २२ जानेवारीलाही गडावर जा. खलाशांसारखी तालीम मुलांकडून करवा : एकानं मोठ्यानं सेकंद मोजायचे, एकानं समुद्राचा रंग टिपायचा, एकानं पक्षी, एकानं वारा. दोन मिनिटं संपली की वह्या मिटायच्या, आणि मग कुणाचं कुणाशी जुळतं ते ओट्यावर बसूनच ताडून बघायचं.