आधी एक बिल पाठव

ताई,

मी ३६ वर्षांची. गेली १२ वर्षं एका कंपनीत खरेदी आणि मालाचा साठा सांभाळते. छोट्या व्यावसायिकांकडे साठा, उधारी, येणी-देणी यांचा फार गोंधळ असतो. त्याची नीट घडी बसवून द्यायची, असा स्वतःचा व्यवसाय सुरू करायचं ३ वर्षांपासून डोक्यात आहे. नाव ठरलंय, लोगो तयार आहे, तीन कोर्स झाले, आराखडा दोनदा लिहून काढला. वर्षभर पगार नसला तरी भागेल इतकी बचत बाजूला ठेवली आहे. नवरा म्हणतो, सोड नोकरी, पुढचं पुढे बघू. पण राजीनामा लिहायला बसले की हातच चालत नाही. नाही चाललं तर? कर्ज झालं तर? ऑफिसमधले हसतील, आणि चाळिशीकडे झुकलेल्या बाईला पुन्हा नोकरी कोण देणार? ओळखीतल्या सात जणांचं हे काम मी सुट्टीच्या दिवशी करून दिलंय, सगळे खूश आहेत, एक जण तर अजून दर महिन्याला बोलावतो. पैशांचा विषय काही निघाला नाही. पण ओळखीतलं काम वेगळं आणि धंदा वेगळा. धंदा म्हटलं की पोटात गोळा येतो, रात्र रात्र झोप लागत नाही. अपयशाची ही भीती मनातून कशी काढू?

– एक वाचक

*

प्रिय मैत्रिणी,

कर्ज, हसणारे सहकारी, पुन्हा न मिळणारी नोकरी, सगळं वाचलं. आणि मग ज्या ओळीवरून तू घाईघाईने पुढे गेलीस तिथे परत आले. सात जणांचं काम केलंस आणि पैशांचा विषय निघाला नाही.

तो आपोआप निघत नसतो, गं. ज्याने काम केलं त्याने तो काढायचा असतो. ज्याचं काम झालं तो कशाला काढेल?

तू म्हणतेस ३ वर्षं झाली, सुरुवातच होत नाही. मला तर दिसतंय की सुरुवात केव्हाच झाली. अडचण कुठे आहे हे तू सात वेळा नेमकं ओळखलंस, सात वेळा दुसऱ्याच्या वह्या-पावत्यांच्या ढिगात बसलीस, घडी बसवून दिलीस. त्यातल्या एकाला तुझ्याशिवाय महिना पुरा करता येत नाही. कितीतरी लोकांचे धंदे याच टप्प्यावर बंद पडतात, कारण त्यांनी केलेली वस्तू किंवा सेवा कुणाला नकोच असते. तुझं काम लोकांना हवं आहे, निदान एकाला तरी नक्की हवं आहे. तू फक्त एक गोष्ट वगळलीस: जिथे समोरचा 'नाही' म्हणू शकतो ती.

आता तुझी बाकीची तयारी बघ. नाव, लोगो, कोर्स, दोनदा लिहिलेला आराखडा. यातल्या कुठल्याही ठिकाणी तुला कुणी नकार देऊ शकत नाही. लोगो तुला नाही म्हणत नाही. कोर्सचं प्रमाणपत्र फी भरली आणि तास पूर्ण केले की मिळतंच. ३ वर्षं तू फार मेहनत केलीस, मान्य आहे, पण ती सगळी अशा जागी केलीस जिथे हरण्याची सोयच नव्हती. आणि फुकट केलेलं काम ही तर त्यातली सगळ्यात सुरक्षित जागा. तिथे वर कौतुकही मिळतं.

त्या सात जणांशी तू मोठ्या मनाने वागलीस असं तुला वाटत असेल. मला तसं वाटत नाही. फुकट मिळालेल्या कामात खोट काढायला माणूस संकोचतो. तुझी पद्धत किचकट असेल, त्यातलं अर्धं त्यांनी आठवड्याभरात सोडून दिलं असेल, तरी तुला ते सांगणार नाहीत. बिचारी सुट्टीच्या दिवशी येऊन एवढं करून गेली, तिला काय बोलायचं? म्हणजे तू त्यांचा तक्रार करायचा हक्क काढून घेतलास, आणि स्वतःला त्या तक्रारीपासून वाचवलंस. 'सगळे खूश आहेत' या वाक्याला म्हणूनच काही वजन नाही. ते तुलाही माहीत आहे, नाहीतर त्याच्या पाठोपाठ 'पण ओळखीतलं काम वेगळं' असं लिहिलं नसतंस.

तुझी झोप उडते ती इथेच, असं मला वाटतं. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना सुटण्यासारखे प्रश्न दिले, काहींना असे की ज्यांना उत्तरच नव्हतं. पण दोन्ही गटांना सांगितलं, तुम्ही फार छान सोडवलंत. मग दुसऱ्या फेरीआधी दोन औषधांतून एक निवडायला सांगितलं: एक म्हणे बुद्धी तल्लख करणारं, दुसरं मंद करणारं. ज्यांनी अंदाजपंचे उत्तरं देऊन शाबासकी मिळवली होती, त्यांच्यातल्या पुरुषांनी मंद करणारं औषध जास्त निवडलं. आपलं यश कशामुळे आलं हेच ठाऊक नाही, म्हणजे ते पुन्हा येईल याची खात्री नाही. मग पुढच्या वेळी जमलं नाही तर बोट दाखवायला औषध बरं. त्या प्रयोगात बायकांमध्ये हे तितकं दिसलं नव्हतं, हेही सांगते. पण तुझ्या पत्रात मला हुबेहूब तेच दिसतंय. तुझ्याकडे सात यशं आहेत आणि एकावरही तुला टेकता येत नाही, कारण ती कामामुळे मिळाली की ओळखीमुळे, की फुकट होती म्हणून, ते तू कधी कळूच दिलं नाहीस. प्रत्येक फुकट कामागणिक कौतुक वाढत गेलं आणि त्याच्यासोबत भीतीही. आठवं काम फुकट केलंस तर ती आणखी वाढेल.

इथे मला तुझ्याबद्दल माया वाटते, तेही सांगते. १२ वर्षं तू पगारावर आहेस. आकडा दुसऱ्याने ठरवला, कागदावर छापून दिला, आणि ठरल्या तारखेला तो खात्यात जमा होत गेला. आपल्या कामाचे इतके पैसे होतात, हे वाक्य तुला कधी कुणाच्या डोळ्यांत बघून उच्चारावंच लागलं नाही. पगारवाढ मागतानासुद्धा आपण आकडा पुटपुटतो आणि पुढच्या क्षणी साहेबांवर सोपवून मोकळ्या होतो. नोकरीतून धंद्यात येणाऱ्या माणसाला हिशेब शिकवता येतो, कर भरायला शिकवता येतं. पण आपल्या तोंडून आपली किंमत सांगायची आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ती उमटताना बघत बसायचं, हे पहिल्या वेळी फार जड जातं. वाटतं की तो आपल्या कामाला नव्हे, आपल्यालाच तोलतोय. तुझ्या पोटातला गोळा या क्षणासाठी आहे. त्याला तू अपयश हे मोठं नाव दिलंस, म्हणून तो ३ वर्षं हलला नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीशी कोण आणि कसं लढणार? एका माणसाला एक आकडा सांगणं मात्र दहा मिनिटांचं काम आहे.

निक स्विनमर्न नावाच्या माणसाला १९९९ साली इंटरनेटवर बूट विकायचे होते. लोक पायात घालून न बघता बूट घेतील का, हा प्रश्न होता. त्याने दुकानात जाऊन तिथल्या बुटांचे फोटो काढले, ते वेबसाइटवर टाकले, आणि कुणी मागणी नोंदवली की दुकानातून तो जोड विकत घेऊन पाठवून दिला. त्यात कमाई नव्हतीच. पण अनोळखी माणसं खिशातले पैसे काढतात, हे त्याला कळलं. त्यातून झॅपोज ही कंपनी उभी राहिली आणि २००९ साली अ‍ॅमेझॉनने ती विकत घेतली. ती किती मोठी झाली हे सोड. त्याने कुणाला 'कल्पना आवडली का' असं विचारत वेळ घालवला नाही, एवढंच तुझ्या कामाचं आहे.

कर्जाची भीती रास्त आहे, ती ठेव. तुझ्या कामाला यंत्र लागत नाही, गोदाम लागत नाही, माल भरून ठेवावा लागत नाही. मग कर्ज कशासाठी? सरस सरस्वती या संशोधिकेने २७ मुरलेल्या उद्योजकांचा अभ्यास केला. २००१ साली त्यातून तिने मांडलं की ही माणसं 'किती मिळेल' याच्या अंदाजांत फार रमत नाहीत, 'किती गेलं तर मला झेपेल' हे आधी ठरवतात आणि तेवढंच लावतात. तुला झेपणारा आकडा तुझ्याकडे आहे, बाजूला काढलेला. त्यालाही इतक्यात हात लावू नकोस.

आणि राजीनामा लिहूच नकोस. नवऱ्याचं 'सोड नोकरी' प्रेमाचं असेल, सल्ला म्हणून ते चुकीचं आहे. अमेरिकेत जोसेफ राफी आणि जिए फेंग यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नोकरी सांभाळून धंदा सुरू करणाऱ्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका, थेट नोकरी सोडून उतरणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. ते आधी कमी जोखमीत चाचपून बघतात, जमतंय असं दिसल्यावर उडी घेतात. राजीनाम्यासमोर तुझा हात थांबतो, कारण एकही पैसा न कमावता तू पगारावर पाणी सोडायला निघालीस. तिथे हात थांबला हे बरंच झालं. फक्त तुझं नेमणूकपत्र काढून वाच. बाहेरचं काम करायला मनाई असेल किंवा परवानगी घ्यावी लागत असेल तर ते आधी निस्तर.

आता काय करायचं ते ऐक. तो जो दर महिन्याला बोलावतो ना, या आठवड्यात त्याच्याकडे जा आणि पैसे माग.

मागच्या कामाचे मागू नकोस, ते गेले. आकडा घरीच ठरवून जा. तुझा महिन्याचा पगार महिन्याच्या कामाच्या तासांनी भाग, म्हणजे आज तुझ्या एका तासाचे किती मिळतात ते कळेल. स्वतंत्र काम करताना सुट्ट्या, आजारपण, रिकामे दिवस, प्रवास, कर हे सगळं तुझ्याच अंगावर येणार, म्हणून तो दर दुप्पट धर. त्याच्याकडे महिन्याला किती तास जातात ते तुला पक्कं ठाऊक असणार, साठ्याचा हिशेब ठेवणारी बाई आहेस तू. गुणाकार कर. येणारा आकडा तुला फार वाटेल. तो कमी करू नकोस.

त्याला सांग: "गेले काही महिने मी हे काम करत्ये. पुढच्या महिन्यापासून याचे दरमहा इतके घेईन. त्यात साठ्याची नोंद, उधारीची यादी आणि महिनाअखेरचा ताळेबंद एवढं येईल." आणि मग गप्प राहा. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड आहे, घरी मोठ्याने म्हणून सराव कर. त्या शांततेत तुझ्या तोंडावर येईल, 'तुम्हाला जमेल तसं द्या', 'घाई काही नाही', 'आपल्यात कसले पैसे'. यातलं एकही वाक्य बाहेर पडलं तर तू आठवं फुकट काम घेऊन घरी येशील.

तो घासाघीस करेल कदाचित. मग पैसे कमी करू नकोस, काम कमी कर: "त्या रकमेत साठा आणि उधारी बघते, ताळेबंद तुम्ही करा." तो नाही म्हणाला तर कारण विचार, वाद घालू नकोस, आणि पुढच्या महिन्यापासून जाऊ नकोस. इथे मी अजिबात सूट देणार नाही. नाही म्हटल्यावरही तू गेलीस तर त्याच्या मनात तुझ्या कामाचा भाव कायमचा शून्य ठरला. तो नाराज झाला तर होऊ दे. ज्या ओळखीला तुझ्या कामाचे पैसे मागितलेले चालत नाहीत, तिच्यावर तू महिन्यातली एक सुट्टी का उधळावीस?

हो म्हणाला तर त्याच दिवशी बिल बनव. बिल क्रमांक १, तारीख, तुझ्या व्यवसायाचं ते ठरलेलं नाव, कामाचा तपशील, रक्कम, आणि पैसे कधीपर्यंत द्यायचे ती तारीख. नाही म्हणाला तर उरलेल्या सहांपैकी एकाला त्याच आठवड्यात फोन लाव, तेच वाक्य, तोच आकडा.

तो काय म्हणाला ते मला कळव. राजीनामा, लोगो, चौथा कोर्स यांबद्दल त्याआधी लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही.

– ताई