काळी एकचा गंधार आणि लॅपटॉपची पेटी : कीबोर्डवाल्यांची प्रश्नोत्तरे

गणपती जवळ आले की कीबोर्डबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांचा सूर एकच : नवीन काय आलंय आणि केवढ्याला? त्यातले पाच प्रश्न घेतो.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ खानापूर तालुक्यातलं. पावसाळ्यात पेटीचे सूर हलतात म्हणून कीबोर्ड घेतला. बुवा म्हणतात, याचा गंधार टोचतो. भारीतला नवा मॉडेल घेतला तर फरक पडेल का?

बुवांचा कान खरा आहे, आणि निव्वळ पैसे घातल्यानं तो गंधार सुधारणार नाही. कुठलाही कीबोर्ड कारखान्यातून येतो तो बारा स्वर सारख्या अंतरावर लावून. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर तंबोऱ्याशी जुळणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा कीबोर्डचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो, धैवत १६, निषाद १२. पेटीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरेंच्या बेळगावात पेटीची बाजू मी वेगळी मांडायला नको.

उपाय बहुतेक वेळा मेनूतच असतो. 'स्केल ट्यून' किंवा 'मायक्रो ट्यूनिंग' शोधा. सा काळी एक (सी पट्टीच्या लगेच पुढची काळी पट्टी) असेल तर पांढरी चार (गंधार) उणे १४, काळी पाच (धैवत) उणे १६, पांढरी एक (निषाद) उणे १२ करा. रिषभ म्हणजे काळी दोन अधिक ४, मध्यम काळी तीन उणे २, पंचम काळी चार अधिक २. कोमल स्वरांना आकड्यांच्या भरवशावर सोडू नका. तंबोरा लावा, बुवांना शेजारी बसवा आणि कानानं लावा. जमलं की मेमरीत साठवा. ट्रान्सपोजचं (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं) बटण दाबल्यावर ही जुळणी काही मॉडेलांत सरकते, काहींत जागीच राहते, म्हणून शक्यतो थेट काळी एकवरूनच वाजवा.

नवा घ्यायचाच तर दुकानात गेल्या गेल्या आधी हा मेनू उघडायला लावा. यामाहाच्या पीएसआर-आय५०० मध्ये रियाझासाठी तबला-तानपुरा आहे, ती सोय चांगली. पण मी खरेदी ठरवीन ती ट्यूनिंगवर.

प्रश्न : निपाणीत आमचा ऑर्केस्ट्रा आहे. लॅपटॉपला मिडी कीबोर्ड जोडलाय. पट्टी दाबली की आवाज मागाहून येतो. लॅपटॉप बदलू का?

थांबा. घरी सराव ब्लूटूथ स्पीकरवर करता, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. तिथेच सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग जातो. आधी वायर लावा.

मग बफर बघा, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप त्याचा केवढा तुकडा साठवून ठेवतो ते. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळजवळ १२ मिलिसेकंद. स्पीकरपासून चार मीटर लांब बसून वाजवावं तेवढं. २५६ वर तो सहाच्या आत येतो, १२८ वर तीनच्या. विंडोजवर हे साधायचं तर एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरानं बाहेर पोचवणारं सॉफ्टवेअर) हवा. साधा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) घेतलात तर त्याचा ड्रायव्हर सोबत येतो, नसेल तर एएसआयओफोरऑल फुकट आहे. आवाज करकरायला लागला की बफर एक पायरी वाढवा. कार्यक्रमाआधी वायफाय बंद, ब्राउझर बंद, चार्जर लावलेला. एवढं करूनही रडत असेल तर लॅपटॉपचं बघू.

प्रश्न : मी टिळकवाडीत राहते, कॉलेजात आहे. घरीच गाणी करायची आहेत. बजेट जवळपास नाही. चांगली व्हर्च्युअल वाद्यं मोफत मिळतात का?

मिळतात, आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जायचं कारण उरत नाही इतकी चांगली. सिंथसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवायला, सर्ज एक्सटी आणि व्हायटल. सर्ज एक्सटी तर पूर्ण मोफत आहे, आणि वर दिलेली स्वरांची जुळणी फाइलवरून त्यात घालता येते. रेकॉर्डिंगला रीपर घ्या : ६० दिवस चाचणी, आवडलं तर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला. गाणी करायच्याच एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरची चाचणी फुकट असली तरी साठवलेलं गाणं त्यात पुन्हा उघडत नाही. विकत घेतलं तर पुढची अपडेट्स मात्र कायम मोफत.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला जास्त आवडली : 'आजोबांची पेटी माळ्यावर आहे.' ती खाली काढा. डिसेंट सॅम्पलर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात स्वतःचं वाद्य बनवता येतं. पंखा बंद, खिडक्या बंद, माइक पेटीपासून हातभर लांब. भाता एकसारखा ठेवून दर तिसरी पट्टी दहा सेकंद धरा. मधल्या पट्ट्या सॉफ्टवेअर एक अर्धस्वर वर-खाली ओढून भरतं. रीपरमध्ये तुकडे कापा, भात्याचा धक्का सुरुवातीला येतो तेवढा ठेवा, आणि मधल्या स्थिर भागावर लूप लावा, म्हणजे पट्टी धरून ठेवली की तोच भाग पुन्हा पुन्हा वाजत राहील. लूपचं टोक लाट शून्यावर असताना जुळवलं नाही तर दर फेरीला टक् ऐकू येतं. एखादी पत्ती (रीड) घोगरी निघाली तर काढून टाकू नका. सॉफ्टवेअरच्या विकतच्या पेट्यांत तेवढंच नसतं.

प्रश्न : चिकोडीहून. कीबोर्डवर बासरी, सतार वाजवताना मींड येत नाही. त्यासाठी काही नवीन निघालंय?

हो, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत कीबोर्डच्या दुनियेत खरोखर नवीन असं हेच घडलंय. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती भाषा. तिचं मूळ रूप १९८३ चं, त्यात पिच बेंड (चाकानं सूर वर-खाली ओढणं) सगळ्या स्वरांना एकदमच लागतो. २०१८ मध्ये एमपीई हे मानक आलं, त्यानं प्रत्येक बोटाला स्वतःची मींड मिळाली. एक्स्प्रेसिव्ह ई कंपनीच्या ऑस्मोसमध्ये ४९ पूर्ण आकाराच्या पट्ट्या आहेत, त्या बोटानं आडव्या हलवल्या की सूर हलतो. आंदोलन तर फारच सुरेख निघतं. किंमत मात्र हौसेला परवडणारी नाही, आणि हात बसायला वेळ लागतो.

तोवर आहे त्या कीबोर्डवर दोन गोष्टी करा. आवाज मोनो-लेगाटोवर ठेवा, म्हणजे एका वेळी एकच स्वर, तोही आधीच्याला जोडून वाजेल. आणि पिच बेंडची मर्यादा सहसा दोन अर्धस्वरांची असते, ती तीन करा, म्हणजे शुद्ध गंधारावरून पंचमापर्यंत एका दमात जाता येईल. डावा हात चाकावरून काढायचा नाही.

प्रश्न : अथणीच्या बाजूला कार्यक्रमात लॅपटॉप लावला की स्पीकरमधून 'हम्म' येतं.

चार्जर क्षणभर काढून बघा. आवाज गेला तर ती अर्थिंगची भानगड. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, मधे डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला पोचवणारी छोटी डबी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे आवाजाच्या वायरमधलं ग्राउंड तोडणारं, बटण दाबा. मंडपवाल्यानं तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून दिली तर ती जोडणी वापरू नका, शॉक बसेल.