‘स्लॅप बेस’ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकी बेस गिटारवादक लॅरी ग्रॅहमच्या १९७०च्या दशकातल्या एका मैफलीची चित्रफीत पाहून एका वाचकाने तिच्यावर मराठीत टिपण लिहिलं आहे. त्यात एक वाक्य आहे : ‘तो अंगठ्याने बेसच्या तारा छेडतो आणि झंकार उमटतो.’ हे वाक्य त्यांचं त्यांनाच खटकतंय. ‘छेडणे’ चालेल का, ‘थाप’ बरी का, की या तंत्राचं इंग्रजी नाव ‘स्लॅप’ तसंच लिहावं, असा त्यांचा प्रश्न आहे. जाता जाता ‘ग्रूव्ह’बद्दलही, म्हणजे पुन्हा पुन्हा येऊन गाणं डोलतं ठेवणाऱ्या लयीच्या आकृतीबद्दलही, विचारलंय.

आधी ‘झंकार’ काढून टाका. झंकार म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळत राहणारा नाद. तानपुऱ्याला तो शोभतो, सतारीच्या तरफांना शोभतो. इथे नाद रेंगाळू द्यायचाच नाहीये. आवाज बंद करून नुसता ग्रॅहमचा उजवा हात पाहा. मूठ अर्धवट मिटलेली, अंगठा मोकळा. मनगट गर्रकन फिरतं, अंगठ्याच्या सांध्याची हाडाची बाजू जाड तारेवर आपटते आणि तिथे न थांबता उसळून मागे येते. तार फ्रेटवर, म्हणजे तारांखालच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, आदळते, म्हणून त्या खर्जातही धातूचा कडकपणा ऐकू येतो. लगेच तर्जनी बारीक तारेखाली आकड्यासारखी शिरते, तार ओढते आणि सोडून देते. मधल्या जागा डावा हात सांभाळतो : दाब जरा सैल केला की स्वर तुटतो. एवढं सगळं ‘छेडणे’ या क्रियापदात मावत नाही. ते चूक नाही, पण सतारीपासून तुणतुण्यापर्यंत सगळ्यांना चालणारं आहे आणि इथे फार हळुवार वाटतं.

‘थाप’ सुचली ती दिशा मात्र बरोबर आहे, कारण तो शब्द चामड्याच्या वाद्यांचा आहे. आणि ग्रॅहमचं हे तंत्र जन्मलं तेच तालवाद्याच्या गरजेतून. १९४६ साली टेक्सासमध्ये जन्मलेला हा मुलगा वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला. आई डेल ग्रॅहम पियानो वाजवायची, गायची आणि हा तिच्याबरोबर गिटार वाजवायचा. एका ठिकाणी ऑर्गन होता, त्याच्या पायपट्ट्यांवर तो खर्जाचे स्वरही सांभाळू लागला. तो ऑर्गन बिघडला म्हणून तात्पुरता बेस भाड्याने आणला. पुढे ड्रमवालाही राहिला नाही, उरले मायलेक दोघंच. तेव्हा मोठ्या बेस ड्रमचा घाव अंगठ्याने आणि स्नेअर या छोट्या, कडक आवाजाच्या ड्रमचा फटका बोटाने भरून काढायचा, असं त्याने सुरू केलं. आपल्या जुन्या वर्गवारीत सांगायचं तर वाद्य तत, म्हणजे तारांचं, पण उजव्या हाताचं काम अवनद्ध, म्हणजे चामड्याच्या वाद्याचं. हे एकदा ध्यानात आलं की शब्द कुठल्या घराण्यातून आणायचा ते आपोआप ठरतं.

तरीही ‘थाप’ मी घेणार नाही. थाप उघड्या पंजाची, डफावर किंवा ढोलकीवर पडणारी. शिवाय ‘त्याने थाप मारली’ असं लिहिलंत तर वाचणारा भलतंच समजेल! गंमत अशी, की जुन्या जॅझमध्ये उभा डबल बेस वाजवणारे पंजा खरोखरच पट्टीवर आपटत. ‘स्लॅप’ हा शब्द त्यांच्याकडे आधीपासून होता, तो नंतर या तंत्रालाही चिकटला. त्या डबल बेसला ‘थाप’ चपखल बसेल. ग्रॅहम स्वतः आपल्या वादनाला ‘थंपिन अँड प्लकिन’ म्हणतो, म्हणजे दणका देणं आणि तार ओढणं. त्याच्या लेखी या दोन क्रिया आहेत आणि ‘स्लॅप’ या नावात त्यातली एकच येते.

म्हणून माझी पसंती ‘ठोका’ आणि ‘खेच’ या जोडीला. ठोका घड्याळाचा असतो, हृदयाचा असतो. तो सुटा असतो, मोजता येतो, पडला की संपतो. अंगठ्याचं काम अगदी तेच. ‘खेच’ हे नाम एकटं क्वचित वापरतो, पण रस्सीखेचीत ते जिवंत आहे, त्यामुळे कृत्रिम वाटत नाही. ‘टिचकी’ मुळीच नको. टिचकीत बोट बाहेर उडतं, इथे ते तारेला धरून ओढतं. ओढलेली तार सुटताना जो आवाज होतो त्याला तर मराठीत तयार शब्द आहे : टणत्कार. धनुष्याच्या प्रत्यंचेचा असतो तोच. झंकाराच्या जागी तो आणलात की वाक्य असं होईल : ‘जाड तारेवर अंगठ्याचा ठोका पडतो, बारीक तार बोटाने खेचली की टणत्कार उठतो.’

टिपणात पहिल्यांदा मात्र ‘स्लॅप बेस’ असंच लिहा. वाजवणारे ‘स्लॅप’च म्हणतात, आणि वाचकाला पुढे शोधायचं झालं तर तोच शब्द हाताशी लागतो. त्यानंतर बेलाशक ठोका-खेच वापरा. समास स्त्रीलिंगी ठेवा, शेवटच्या पदाप्रमाणे : ‘ग्रॅहमची ठोका-खेच’. आणि ‘बास’पेक्षा ‘बेस’ लिहा. इंग्रजीतला उच्चार तोच आहे, शिवाय मराठी ‘बास’ म्हणजे पुरे.

‘ग्रूव्ह’साठी ‘लय’ फार व्यापक होते. ‘ठेका’ जवळचा आहे, कारण ठेक्यातही ठरावीक आकृती पुन्हा पुन्हा येते आणि तिच्या आधारावर बाकीचे मोकळे सुटतात. ग्रॅहम ज्यात बेस वाजवायचा त्या ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या बँडचं १९६९ अखेरीस आलेलं ‘थँक यू’ हे गाणं ऐका. पुढच्या फेब्रुवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्यात बेसची एक छोटी आकृती जवळजवळ सबंध गाणं तोलून धरते. तिथे ‘बेसने ठेका धरला’ हे अगदी अस्सल मराठी वाक्य आहे, खुशाल लिहा. फक्त ‘ठेक्यात वाजवलं’ लिहू नका. त्याचा अर्थ ताल चुकला नाही एवढाच होतो, आणि तेवढं तर कुठल्याही बऱ्या वादकाबद्दल म्हणता येईल.