संघनायकांचं शिबिर की क्लासची चाचणी?

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा नववीत आहे, शाळेच्या स्काऊट पथकात यंदा संघनायक झालाय आणि स्काऊटच्या सरांनी त्याला शनिवार-रविवारच्या नेतृत्व शिबिराला बोलावलंय. नेमकी त्याच रविवारी क्लासची चाचणी. ‘दोऱ्यांच्या गाठी मारून पोट भरतं का?’ असं त्याचे बाबा म्हणतात, आणि करिअरला याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय.

पाठवा त्याला.

बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी नोकरीचं बोलू. रेल्वेत स्काऊट-गाईड कोटा आहे. पण गट ‘क’च्या पदासाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा प्रौढ स्काऊट-शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा हिमालयन वुड बॅज लागतो, आणि जागा मोजक्याच निघतात. प्रवेश, मग तीन सोपान म्हणजे टप्पे, राज्य पुरस्कार आणि त्यानंतर राष्ट्रपती पुरस्कार, अशी ती लांबची वाट आहे. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रानं यातलं काही पदरात पडत नाही. कोट्यावर डोळा ठेवून पाठवू नका.

खरा लाभ वेगळा आहे. 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या शिबिरात स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघ एका मुलाच्याच हाती सोपवला. आजही सहा-आठ जणांच्या संघाला त्यांच्यातलाच एक संघनायक असतो. तुमच्या मुलाला शिबिरात तेच करायचंय. सात जणांच्या खिचडीला तांदूळ किती, पाणी कोण आणणार, भांडी कोण घासणार, तंबूचे खुंटे सैल राहिले तर कोणी बघायचं. त्याच्या हाती ना पगार, ना शिक्षा. समोरची पोरं त्याच्याच वर्गातली, उद्या डबा शेजारी बसून खाणारी. ‘मी का घासू?’ म्हणणाऱ्या मित्राला न दुखावता कामाला लावणं चौदाव्या वर्षी सोपं नसतं. मॉनिटर फळ्यावर नावं लिहून मोकळा होतो; इथे ती सोय नाही.

आणि गाठींचं म्हणाल, तर सैन्यात अधिकारी व्हायला द्याव्या लागणाऱ्या एसएसबी मुलाखतीत उमेदवारांच्या गटाला फळ्या, बल्ल्या आणि दोर देऊन अडथळे पार करायला लावतात. सुरुवातीच्या फेरीत नायक कोणी नेमलेला नसतो. त्याचा ओढा तिकडे असेल, तर दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा आहे, तिची माहिती आत्ताच काढा.

एक गोष्ट मात्र सरांना जरूर विचारा: तिथे मुलं स्वतः ठरवतात आणि चुकतात, की दोन दिवस भाषणं ऐकतात? नुसती भाषणं असतील, तर माझं मत बदलेल. त्यानं चाचणीच द्यावी.

घरी आला की ‘काय शिकलास?’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘खूप काही’ एवढंच येतं. ‘तुझं कोणी ऐकलं नाही? मग तू काय केलंस?’ असं विचारा. जे सांगेल ते त्यालाच वहीत चार ओळींत लिहून ठेवू द्या. पुढे मुलाखतीत गटकामाबद्दल विचारतील, तेव्हा सांगायला त्याचा स्वतःचा अनुभव असेल.

राहिली चाचणी. ती सोमवारी किंवा मंगळवारी देता येईल का, हे क्लासच्या सरांना तुम्ही विचारू नका. त्यालाच जाऊन विचारू दे.